तुटलेला अंक आणि नर्तिकेचा देह

२९ मे १९१३ रोजी पॅरिसच्या 'तेआत्र दे शाँझेलिझे' या नव्या नाट्यगृहात जो गदारोळ झाला, त्याची हकिकत आधुनिक कलेच्या इतिहासात पुनःपुन्हा सांगितली जाते. स्त्राविन्स्कीचे संगीत, निजिन्स्कीची नृत्यरचना, आत वळलेली पावले, जमिनीवर आदळणारे देह आणि प्रेक्षागृहातील आरडाओरडा. 'वसंतविधी'चा जन्म या तपशिलांनिशी सर्वांना परिचित आहे. या हकिकतीतून एक गोष्ट मात्र बहुधा गळते. त्या रात्री 'वसंतविधी' एकटा नव्हता. कार्यक्रमाची सुरुवात फोकिनच्या 'ले सिल्फिद'ने झाली होती: शोपँचे संगीत, चांदण्यातले उपवन, शुभ्र घेरदार वस्त्रातील नर्तिका आणि कथानकाचा पूर्ण अभाव. त्यानंतर 'वसंतविधी', आणि गदारोळ ओसरल्यावर पुन्हा दोन जुन्या, लोकप्रिय रचना. म्हणजे ज्या प्रेक्षकांनी आरडाओरडा केला त्यांच्या डोळ्यांत काही मिनिटांपूर्वीचे शुभ्र उपवन ताजे होते. त्यांचा क्षोभ एका कृतीविरुद्ध होता की दोन कृतींमधल्या अंतराविरुद्ध, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. इतिहासाला कृती सुट्या करून ठेवण्याची सवय असते; प्रेक्षकाला मात्र त्या नेहमी शेजाराशेजारी भेटतात.

आज जगातील बहुतेक मोठे बॅलेसंच वर्षातून अनेकदा असा संमिश्र कार्यक्रम करतात. एका संध्याकाळी तीन किंवा चार छोट्या रचना, त्यांत एखादी एकोणिसाव्या शतकातील, एखादी विसाव्या शतकाच्या मध्यावरची, एखादी अलीकडची. या प्रथेमागे द्यागिलेवच्या 'बॅले रूस'ने १९०९ पासून रुजवलेली एकांकी बॅलेची कल्पना आहे, आणि पुष्कळसे व्यावहारिक हिशेबही आहेत. पण हा कार्यक्रम म्हणजे केवळ सोय आहे असे मानले, तर त्यातून उभा राहणारा नैतिक प्रश्न नजरेआड होतो. एखादी कृती तिच्या समग्रतेतून तोडून दुसऱ्या कृतीशेजारी ठेवणे म्हणजे काय करणे? त्या तोडण्याने काय वाचवले जाते आणि काय टाकून दिले जाते? काव्यसंग्रहातून एक कविता उचलून निवडक संकलनात ठेवणाऱ्या संपादकालाही हाच प्रश्न पडायला हवा. नृत्याच्या बाबतीत तो अधिक तीव्र होतो, कारण तेथे जे उचलले आणि ठेवले जाते ते शब्द नसून माणसांचे देह असतात.

(मराठीत 'बॅले' हा शब्द थोडा वेगळ्या वाटेने आला, हे येथे नोंदवायला हवे. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत स्थापन केलेला 'लिटल बॅले ट्रूप' किंवा सचिन शंकर यांचे 'बॅले युनिट' यांच्यामुळे मराठी प्रेक्षकाच्या मनात बॅले म्हणजे कथा सांगणारे नृत्यनाट्य असा अर्थ ठसला. कथानक हाच ज्याचा कणा, अशा प्रकाराला उद्देशून वापरला जाणारा हा शब्द. येथे विचार करायचा आहे तो नेमका कथानकातून सुटून निघालेल्या बॅलेचा.)

विचाराच्या सोयीसाठी तीन रचना समोर ठेवता येतील. पेतिपाच्या 'ला बायादेर'मधील 'सावल्यांचे राज्य' हा प्रवेश. विल्यम फोर्साइथची १९८७ मधील 'मध्यभागी, किंचित उंचावर' ही रचना. आणि पिना बाउश यांनी १९७५ मध्ये वुपरताल येथे केलेला 'वसंतविधी'. तिन्ही पॅरिस ऑपेरा बॅलेच्या संग्रहात आहेत. फोर्साइथची रचना तेथेच जन्मली. 'ला बायादेर' नुरेयेवने १९९२ मध्ये तेथे पूर्णतः उभा केला. बाउश यांचा 'वसंतविधी' त्या संचाने १९९७ मध्ये स्वीकारला आणि २०१७ मध्ये बॅलन्चिनच्या 'अ‍ॅगॉन'सारख्या संयत, काटेकोर रचनेबरोबर एकाच संध्याकाळी सादर केला. तेव्हा अशा मांडणीत अशक्य असे काही नाही.

*

'सावल्यांचे राज्य' हे बॅलेच्या इतिहासातील कदाचित सर्वांत शुद्ध दृश्य असेल. अंधाऱ्या रंगमंचाच्या मागील बाजूस एक उतरण आहे. तिच्या टोकाशी पांढऱ्या वस्त्रातील एक नर्तिका प्रकटते, एक पाय मागे ताणून पुढे झुकते, सावरते, देह मागे कलवून हात डोक्यावर नेते, दोन पावले पुढे येते. तिच्या मागे दुसरी येते आणि तेच करते. मग तिसरी. मिंकुसच्या त्याच सुरावटीवर चोवीस किंवा बत्तीस नर्तिका एकामागून एक उतरत राहतात, आणि जी सर्वांत आधी आली तिला ती एकच हालचाल सर्वांत अधिक वेळा करावी लागते. अखेरीस सारा रंगमंच ओळींनी भरतो. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीचे जे संवाद, विरोध आणि समतोल हे तीन नियम सांगितले, त्यांचे उदाहरण शोधायला निघालेल्या अभ्यासकाला याहून निर्मळ उदाहरण मिळणे कठीण. येथे आशय म्हणून वेगळे काढता येईल असे काहीच उरत नाही. एक हालचाल आहे आणि तिची पुनरावृत्ती आहे. पुनरावृत्तीमुळे हालचालीचा अर्थ नाहीसा होतो आणि तिचा घाट तेवढा मागे राहतो.

१८७७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला 'ला बायादेर' प्रथम रंगमंचावर आला तेव्हा हा प्रवेश एका लांबलचक कथेचा भाग होता. कथा भारतातील. निकिया ही देवळातील नर्तकी. सोलोर या योद्ध्यावर तिचे प्रेम. देवळाच्या प्रमुख ब्राह्मणाची तिच्यावर नजर. राजकन्या गमझात्तीशी सोलोरचा ठरलेला विवाह. फुलांच्या परडीत लपवलेला साप आणि त्याच्या दंशाने निकियाचा मृत्यू. तिच्या मृत्यूनंतर अफूच्या धुंदीत सोलोरला जे दिसते ते म्हणजे सावल्यांचे राज्य. पश्चिम युरोपाला या प्रवेशाची खरी ओळख झाली ती १९६१ मध्ये, किरोव्ह संचाच्या पॅरिस दौऱ्यात, तीही सुट्या स्वरूपात. त्याच दौऱ्याच्या अखेरीस नुरेयेवने ल बूर्झे विमानतळावर सोव्हिएत संघाकडे पाठ फिरवली, आणि १९६३ मध्ये लंडनच्या रॉयल बॅलेसाठी त्याने जे उभे केले ते हेच एक दृश्य. मूळ कथेपासून तुटलेला हा प्रवेश कित्येक वर्षे पश्चिमेतील प्रेक्षकांसाठी संपूर्ण 'बायादेर'च्या जागी उभा होता.

कलाकृतीची स्वायत्तता मानणारा समीक्षक येथे समाधानाने म्हणेल की जे झाले ते योग्यच झाले. साप, परडी, कुटिल ब्राह्मण, अफू हा सारा पसारा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय कल्पनेतला भारत होता. तो गळून पडला आणि त्यात अडकलेले सौंदर्य मोकळे झाले. हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्यासारखा नाही. ज्याने हे दृश्य एकदा लक्षपूर्वक पाहिले आहे त्याला त्याची शक्ती नाकारता येणार नाही, आणि ती शक्ती सोलोर कोण होता हे ठाऊक असण्यावर अवलंबून नाही हेही मान्य करावे लागेल.

परंतु 'बायादेर' हा शब्द तरी मागे उरतोच. तो फ्रेंच असला तरी फ्रेंचांचा नाही. त्याचे मूळ पोर्तुगीज 'बायलादैर'मध्ये, म्हणजे नाचणारी या अर्थाच्या शब्दात आहे, आणि पोर्तुगिजांनी तो भारतातील, प्रामुख्याने गोव्यातील, देवळांशी बांधलेल्या नर्तकींसाठी वापरला. मांडवी-जुवारीच्या काठच्या ज्या स्त्रियांना मराठी आणि कोकणी बोलणारा समाज कलावंतीण म्हणत होता, त्यांच्यावर बाहेरून चिकटवलेले हे नाव युरोपात पोचता पोचता एक काव्यमय कल्पना बनले. गटेने १७९७ मध्ये देव आणि बायादेर यांच्यावर कथाकाव्य लिहिले. १८३० मध्ये पॅरिसला ओबेरच्या ऑपेरा-बॅलेत मारी तालिओनी बायादेर झाली. १८३८ मध्ये पुदुच्चेरीकडील देवदासींचे एक पथक खरोखरच पॅरिसला येऊन नाचले. तेओफिल गोतिए या कवी-समीक्षकाने त्यांच्यातील अमनीविषयी मोठ्या उत्कटतेने लिहिले. तरी त्यानंतरचा युरोपीय बॅले अमनीच्या पावलांनी चालला असे म्हणता येत नाही. खरी नर्तकी येऊन गेली, आणि कल्पनेतली नर्तकी जागची हलली नाही.

गोव्यातील त्या समाजाच्या वाट्याला जे जिणे आले त्याचा अंदाज राजाराम रंगाजी पैंगीणकर यांच्या आत्मचरित्राच्या 'मी कोण?' या नावावरूनच येतो. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी-संरक्षणाचा कायदा झाला, तेव्हा ज्या प्रथेला आळा घालायचा होता तिच्याविषयी कोणाला काव्यमय वाटण्याचे कारण नव्हते. हे सारे 'सावल्यांच्या राज्या'त नाही. प्रश्न असा की ते तेथे असायला हवे का.

येथे संदर्भवादी समीक्षक घाईने होकार देतो आणि गोत्यात येतो. तुटलेला अंक पुन्हा समग्र कथेत नेऊन ठेवला की न्याय होतो, असे त्याला वाटते. पण समग्र 'बायादेर'मध्ये काय परत येते? परत येते ती कलावंतीण नाही. परत येतो तो ज्वालांभोवती उड्या मारणारा फकीर, सोनेरी रंग फासलेली मूर्ती, आणि चेहरे काळे करून नाचणारी मुले. पॅरिस ऑपेराने २०१५ मध्ये त्या मुलांच्या नृत्याचे जुने हेटाळणीचे नाव आणि काळा रंग दोन्ही सोडून दिले. मॉस्कोच्या बोल्शोईने मात्र तो रंग चालू ठेवला होता, आणि २०१९ मध्ये मिस्टी कोपलंड या कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तिकेने त्यावर जाहीर आक्षेप घेतला तेव्हा रशियातून तिला मिळालेली उत्तरे परंपरेची ढाल पुढे करणारी होती. तेव्हा समग्रता ही आपोआप नैतिक असते हा समज सोडावा लागतो. कथेत निकिया जितकी खोटी आहे, त्यापेक्षा सावल्यांत ती कमी खोटी आहे, असेही एखाद्याला म्हणता येईल.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पहिल्या अंकातील निकिया रंगीत वस्त्रांत, दागिन्यांत, उघड्या कमरेने वावरते. तिला जात आहे, व्यवसाय आहे, वासना आहे, प्रतिस्पर्धी आहे. मेल्यानंतर ती पांढऱ्या वस्त्रात येते आणि तिच्यासारख्याच बत्तीस जणींत मिसळते. तिचा देश, तिचे देऊळ, तिचा रंग हे सगळे तिच्या मृत्यूबरोबर गळून गेलेले असते. म्हणजे संमिश्र कार्यक्रमाचा संयोजक कात्री चालवतो असे जे वाटते, ती कात्री पेतिपाने स्वतःच आधी चालवलेली आहे. कथेपासून घाटाकडे, विशिष्टाकडून निर्विशेषाकडे जाणारी वाट मूळ कृतीतच आहे, आणि त्या वाटेवर नर्तकीला मरावे लागते. साधारणीकरणाचा सिद्धान्त मांडणाऱ्या भारतीय आचार्यांना विशिष्टाचे विसर्जन ही रसनिष्पत्तीची अट वाटली. येथे त्या विसर्जनाची किंमत कथेतच नोंदवलेली आहे. सुटा प्रवेश पाहणाऱ्या प्रेक्षकाला फळ मिळते. किंमत कोणी भरली ते मात्र त्याला कळत नाही.

*

कांटचा 'नीतिशास्त्राच्या तत्त्वमीमांसेचा पाया' १७८५ मधला आणि सौंदर्यविचार मांडणारा तिसरा मीमांसाग्रंथ १७९० मधला. पहिल्यात त्याने बजावले की माणसाला केवळ साधन म्हणून कधीच वागवू नये. दुसऱ्यात त्याने सौंदर्यानंद हा हितसंबंधरहित असतो, वस्तूच्या अस्तित्वाशी त्याला देणेघेणे नसते, असे प्रतिपादन केले. मराठीत रा. भा. पाटणकरांनी या दुसऱ्या विचाराचे जे विवरण केले, त्यामुळे मर्ढेकरोत्तर समीक्षेला आपल्या भूमिकांची तर्कशुद्ध तपासणी करता आली. शिल्प, चित्र, काव्य यांचा विचार करताना कांटची ही दोन विधाने एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. संगमरवराला साधन म्हणून वागवल्याने कोणाचा अपमान होत नाही. नृत्यात मात्र माध्यम हेच माणूस असते. ज्याच्या अस्तित्वाविषयी आस्वादकाने उदासीन राहावे असे एक विधान सांगते, त्याच्या अस्तित्वाविषयी उदासीन राहू नये असे दुसरे सांगते; आणि दोन्ही आज्ञा एकाच आसनावर बसलेल्या एकाच माणसाला एकाच वेळी पाळायच्या असतात.

हा पेच केवळ पुस्तकी नाही, याची साक्ष एमा लिव्रीच्या मृत्यूत आहे. पॅरिस ऑपेराची ही तरुण नर्तिका १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका तालमीत गॅसच्या दिव्याजवळ गेली आणि तिच्या घेरदार वस्त्राने पेट घेतला. आठ महिने यातना भोगून २६ जुलै १८६३ रोजी ती वारली. त्या काळी कापडाला आगीपासून वाचवणाऱ्या द्रवात बुडवण्याची पद्धत उपलब्ध होती, पण त्यामुळे वस्त्र कडक आणि मळकट दिसे, त्याची तरलता जाई. आणि लिव्रीने ते घालण्यास नकार दिला होता. तिच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. सोयीचे उत्तर येथे हाताशी येत नाही. पांढऱ्या वस्त्राची तरलता हे मूल्य तिने स्वतः स्वीकारलेले होते, आणि ते मूल्य तिच्यासाठी इतर कोणीतरी घडवलेले होते. ज्या ऑपेरात ती वाढली, तेथे मध्यंतरात वर्गणीदार पुरुष नर्तिकांच्या दालनात वावरत आणि गरीब घरच्या मुली ऑपेराचे 'छोटे उंदीर' म्हणून ओळखल्या जात. देगाने आपल्या सुप्रसिद्ध शिल्पासाठी जिला समोर उभे केले ती मारी व्हान गोएथेम त्यांच्यापैकीच एक. अशा ठिकाणी संमती या शब्दाचा अर्थ काय होतो, याचे उत्तर लिव्रीच्या नकारावरून देता येणार नाही. पण तिची संमती खोटी होती असे म्हणणे म्हणजे तिची कलानिष्ठा तिच्याकडून काढून घेणे होईल.

सावल्यांच्या ओळीकडे पुन्हा पाहिले की हाच पेच सौम्य रूपात दिसतो. तेथे प्रत्येकीचे वेगळेपण हा दोष ठरतो. एकीचा पाय दोन बोटे अधिक उंच गेला, एकीचा घोटा थरथरला, तर ओळ मोडते. ही व्यक्तित्वाची हत्या आहे असे म्हणणारे समीक्षक आहेत. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: आळंदीहून निघालेल्या दिंडीत पावली खेळणारे वारकरीही एकाच ठेक्यावर एकच पाऊल टाकतात, आणि तेथे कोणाच्या व्यक्तित्वाचा बळी गेला असे कोणी म्हणत नाही. एकसारखेपणा हा स्वतःहून गुलामीचे लक्षण नसतो. फरक असा की पावली कोणाच्या नजरेसाठी नसते. पाहणारा तेथे उपरा असतो, त्याला वाटल्यास तो आत शिरतो. सावल्यांची ओळ सर्वस्वी नजरेसाठी रचलेली आहे. तरीही त्या नर्तिका केवळ आज्ञा पाळत असतात असे नाही. मानेच्या किंचित कलत्या कोनातून शेजारणीचा वेग जोखणे, श्वास जुळवणे, पुढचीचा तोल ढळला तर आपले पाऊल अर्धा क्षण रोखणे, हे सतत चाललेले असते. तो एक प्रकारचा परस्परांविषयीचा सांभाळ आहे. प्रेक्षकाला तो दिसू नये हेच त्याचे यश.

*

फोर्साइथच्या रचनेत झाकलेले उघडे केले जाते, असे सामान्यतः समजले जाते. रिकामा रंगमंच, वर मधोमध टांगलेली सोनेरी चेरीची एक जोडी (शीर्षक तिच्यावरूनच), टॉम विलेम्सचे आघाती इलेक्ट्रॉनिक संगीत आणि नऊ नर्तक. शब्दसंपदा जुनीच, पेतिपाच्याच कुळातली. पण तोल मुद्दाम ढळवलेला, अक्ष तिरका, ताण शेवटच्या टोकापर्यंत नेलेला. ज्यांचे नाचणे संपले ते साध्या चालीने बाजूला जातात, उभे राहून इतरांना पाहतात. सावल्यांतली नर्तिका कोणाकडे पाहत नाही. येथली पाहते, आणि तिच्या पाहण्यात काहीसा उद्दामपणा असतो. सिल्वी गिलेम ही त्या पहिल्या संचातील सर्वांत गाजलेली नर्तिका. ही रचना ऑपेराकडे आली ती नुरेयेवच्या निमंत्रणावरून. ज्याने सावल्यांना पश्चिमेत वसवले त्यानेच त्यांच्या शेजारी बसणारी ही रचनाही आणली, हा योगायोग मानायचा की दृष्टी, हे ज्याने त्याने ठरवावे.

संमिश्र कार्यक्रमात या दोन रचना क्रमाने आल्या की एक गोष्ट आपोआप तयार होते: आधी बंधन, मग मोकळीक, आधी ओळ, मग व्यक्ती. कार्यक्रमपत्रिकेतील टिपणेही बहुधा हेच सुचवतात. ही गोष्ट आकर्षक आहे आणि तिच्यावर विश्वास ठेवू नये. फोर्साइथची नर्तिका मोकळी दिसते, पण तिच्या सांध्यांकडून जे मागितले जाते ते पेतिपाने कधी मागितले नव्हते. उद्दाम नजरसुद्धा रचनेचाच भाग आहे. तीही तालमीत शिकवावी लागते. स्वातंत्र्याची प्रतिमा आणि स्वातंत्र्याची वस्तुस्थिती यांत गल्लत करणे ही आधुनिक कलेची जुनी खोड आहे. गिलेमने १९८९ मध्ये पॅरिस सोडून लंडन गाठले ते स्वतःच्या वेळेवर आणि निवडीवर स्वतःचा अधिकार हवा म्हणून. तो अधिकार तिला रंगमंचावरील नजरेने मिळवून दिला नाही, करारनाम्याने दिला.

बाउश यांच्या 'वसंतविधी'त ही प्रतिमासुद्धा नाही. रंगमंचावर ओल्या काळ्या मातीचा, म्हणजे पीटचा, जाड थर असतो. पातळ वस्त्रांतील स्त्रिया आणि उघड्या छातीचे पुरुष त्यात पडतात, घसरतात, माखतात. लाल कापडाचा एक तुकडा बायकांच्या हातांतून हातांत फिरतो आणि तो शेवटी कोणाच्या अंगावर येणार हे कोणालाच ठाऊक नसल्यासारखे वाटते. निवडलेली स्त्री अखेरपर्यंत नाचते, आणि तोवर तिचा थकवा नाटकी राहिलेला नसतो. तिचा श्वास मागच्या रांगांपर्यंत ऐकू येतो. श्रम लपवण्याच्या परंपरेला येथे पूर्ण उत्तर मिळते, असे वाटते.

परंतु उत्तर पूर्ण नाही. लपवलेला श्रम पाहून जसा आनंद होतो तसा उघडा श्रम पाहूनही होतोच. किंबहुना अधिक सूक्ष्म, अधिक नीतिमान वाटणारा आनंद होतो. एका स्त्रीने सर्वांसाठी दमून कोसळावे ही त्या जमातीची मागणी आहे, आणि प्रेक्षागृहातील हजारो माणसे तिकीट काढून तीच मागणी करायला आलेली आहेत. बाउश यांना हे ठाऊक होते हे उघड आहे. रचनेचा दंश तेथेच आहे. पण जो प्रेक्षक केवळ हीच रचना पाहतो त्याला स्वतःची सुटका करून घ्यायला एक फट मिळते. तो म्हणू शकतो की क्रूरता ही त्या जमातीची आहे, आदिम काळातली आहे, आणि बाउश यांनी ती उघडकीस आणली आहे. मी तिच्या बाजूने आहे. ज्याने त्याच संध्याकाळी तासाभरापूर्वी सावल्यांच्या ओळीत एकही घोटा थरथरू नये अशी इच्छा केली होती, त्याला ती फट उपलब्ध नसते. निर्दोष ओळीची त्याची मागणी आणि जमातीची बळीची मागणी यांत गुणात्मक फरक आहे की केवळ मात्रेचा, हे त्याला स्वतःशी ठरवावे लागते. संमिश्र कार्यक्रमाला काही नैतिक मूल्य असेल तर ते या ठिकाणी आहे. ते कोणत्याही एका रचनेत सापडणार नाही, कारण ते प्रेक्षकाच्या स्मृतीत घडते.

अर्थात हे घडेलच याची हमी नाही. जेवणाच्या ताटात डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर वाढावी तशी आधुनिक रचना वाढण्याची पद्धत अनेक संचांत आहे. पोट भरायचे ते उजवीकडच्या पदार्थांनी. काही ठिकाणी उलट, सावल्या तोंडीलावण्यापुरत्या आणि मुख्य पदार्थ नव्या नावाचा. दोन्ही मांडण्यांत शेजार केवळ चवीसाठी असतो. क्रम हा येथे संपादकीय निर्णय आहे आणि त्याची जबाबदारी संयोजकावर आहे. 'वसंतविधी' जवळजवळ नेहमी शेवटी ठेवला जातो. त्याला व्यावहारिक कारण आहे: माती पसरल्यावर त्या रंगमंचावर पांढऱ्या पायमोज्यांनी नाचता येत नाही. पण समजा एखाद्या रात्री तो पहिला ठेवला, माती उचलून जमीन पुसली, आणि मग उतरणीवरून पहिली सावली खाली आली, तर तिच्या शुभ्रपणाकडे त्याच डोळ्यांनी पाहता येईल का?

या संदर्भात समग्र 'बायादेर'विषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. १८७७ च्या कथेत सावल्यांच्या पुढे एक अंक होता. गमझात्ती आणि सोलोर यांच्या विवाहाच्या वेळी देव कोपतात, देऊळ कोसळते आणि ज्यांनी निकियाचा घात केला ते सारे त्याखाली गाडले जातात. सोव्हिएत काळात हा अंक प्रयोगातून गळाला आणि दशकानुदशके गळलेलाच राहिला. नताल्या मकारोवाने १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्वतःच्या कल्पनेने तो पुन्हा रचला. सर्गेई विखारेव्हने २००२ मध्ये जुन्या नृत्यलिपीच्या आधारे सेंट पीटर्सबर्गला मूळ रूपाकडे जाण्याचा प्रयत्न केला. पण नुरेयेवची १९९२ ची पॅरिसमधील आवृत्ती, मृत्यूच्या छायेत पूर्ण केलेली त्याची अखेरची मोठी निर्मिती, सावल्यांपाशीच संपते. म्हणजे जिला समग्र म्हटले जाते त्या कृतीतूनही नेमका न्यायाचा अंक वगळला गेला, आणि सौंदर्याचा अंक शेवटचा ठरला. देऊळ कोसळण्याचा देखावा हा कदाचित सामान्य दर्जाचा नाट्यप्रकार असेल. कलादृष्ट्या सावल्यांनंतर त्याची गरज नाही असे म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. तरी निकियाच्या बाजूने उभी राहिलेली कथेतील एकमेव शक्ती त्या अंकात होती, हेही तितकेच खरे.

'वसंतविधी'च्या आधीच्या मध्यंतरात पडदा पाडत नाहीत. कामगार मातीचे डबे ढकलत रंगमंचावर आणतात, उपडे करतात, फावड्यांनी आणि दाताळ्यांनी ती सारखी करतात. हे काम बराच वेळ चालते, कारण थर सगळीकडे सारखा नसेल तर नर्तकांचे घोटे मुरगळतात. काही प्रेक्षक तोवर बाहेर जाऊन कॉफी घेऊन येतात. काही बसून राहतात, आणि थोड्या वेळापूर्वी जेथे बत्तीस सावल्या उभ्या होत्या तेथे माती कशी पसरत जाते ते पाहतात. ओल्या मातीचा वास हळूहळू त्यांच्या रांगेपर्यंत येतो.